युरोपशी करार झाला, आता भोसरीतल्या नट-बोल्टवाल्याने काय तयारी करायची?

भोसरीकर

नमस्कार मंडळी.

भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, वडिलांनी उभा केलेला. कोल्ड फोर्जिंगचे बोल्ट, स्टड आणि ड्रॉइंगप्रमाणे काही खास पार्ट बनवतो. बावीस माणसं आहेत. महिन्याला बारा टनांच्या आसपास माल निघतो, त्यातला तिसरा हिस्सा युरोपात जातो. तिकडे दोन गिऱ्हाइकं आहेत, एक जर्मनीत आणि एक इटलीत.

२७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत भारत आणि युरोपीय संघाने वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटले. बोलणी २००७ साली सुरू झाली तेव्हा मी नुकताच वडिलांच्या हाताखाली उभा राहत होतो. ते रोज पेपरात त्याची बातमी शोधायचे. म्हणून फार बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात जर्मन पार्टीचा मेल आला. त्यात कराराचा उल्लेखही नव्हता, एक एक्सेल शीट होतं. वायर रॉड कुठल्या स्टील प्लांटचा? लोखंड झोतभट्टीतून आलं की विजेच्या भट्टीतून? आमच्याकडे दर टनाला वीज किती लागते, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला गॅस किती? असे कितीतरी रकाने. हे सगळं सीबॅमसाठी, म्हणजे युरोपच्या सीमेवरच्या कार्बन आकारणीसाठी. आजवर ते अंदाजाच्या आकड्यांवर भागवत होते, आता खरे आकडे हवेत.

आमच्या बोल्टवर तिकडे आयात शुल्क होतंच मुळात चार टक्क्यांच्या आत. ते गेलं तर आनंदच आहे. पण त्याच दारात कार्बनचा आकार बसणार असेल तर आम्ही नक्की काय कमावलं? आणि हे शीट भरायचं कसं? इथे बऱ्याच क्षेत्रांतली माणसं आहेत, म्हणून विचारतोय.

---

वाचनवेडी

वाचतेय. फार गरजेचा धागा.

---

कर्वेरोड

भोसरीकर, अभिनंदन, पण अजून थोडं थांबावं लागेल. वाटाघाटी संपणं आणि करार लागू होणं यांत बरंच अंतर असतं. मसुद्याची कायदेशीर छाननी होते, मग युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषांत भाषांतर, मग सह्या, मग युरोपीय संसदेची संमती.

कॅनडाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २०१६ च्या ऑक्टोबरात सगळं ठरलेलं असताना बेल्जियममधल्या वालोनिया नावाच्या साधारण ३६ लाख वस्तीच्या प्रांताने नकार दिला आणि सगळा करार टांगणीला लागला. शेवटी मनधरणी करून सही झाली. त्यानंतर २०१७ साली युरोपच्या न्यायालयाने सिंगापूरच्या करारासंदर्भात मत दिलं, की निव्वळ व्यापाराचा विषय संघाच्या एकट्याच्या अखत्यारीत येतो, पण गुंतवणूकदारांच्या वादनिवारणाला सदस्य देशांचीही संमती लागते. म्हणूनच २०२२ साली आपली बोलणी नव्याने सुरू झाली तेव्हा तीन वेगळ्या वाटा केल्या: व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकन. त्यामुळे आपला व्यापार करार सत्तावीस संसदांच्या दारात जाणार नाही. ही आपल्या दृष्टीने खरंच चांगली गोष्ट आहे.

---

अनुजा_कोथरूड

पण मधली नऊ वर्षं काय झालं होतं? २०१३ ला बोलणी बंद पडली एवढंच आठवतं.

---

कर्वेरोड

अनुजाताई, कारणं बरीच होती. त्यांना मोटारी आणि वाइनवरचं आपलं शुल्क उतरवून हवं होतं. आपल्याला आपल्या व्यावसायिकांना तिकडे जाऊन काम करण्याची मुभा आणि डेटाच्या बाबतीत सुरक्षित देश म्हणून मान्यता हवी होती. कुणीच हललं नाही. त्यातच २०१२ च्या फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्याजवळ इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात आपले दोन मच्छीमार गेले आणि इटलीशी संबंध बिघडले. त्या वर्षानंतर थेट २०१६ पर्यंत भारत-युरोप शिखर परिषदच झाली नाही. २०१५ साली बोलणी परत सुरू व्हायच्या बेतात होती, तेवढ्यात हैदराबादच्या एका संस्थेतल्या चाचण्यांवर बोट ठेवून युरोपने आपली सुमारे सातशे जेनेरिक औषधं रोखली. आपण बैठकच पुढे ढकलली.

१९६२ साली युरोपीय आर्थिक समुदायाशी राजनैतिक संबंध जोडणाऱ्या पहिल्या काही देशांत आपण होतो. इतकी जुनी ओळख असून करारापर्यंत यायला एवढा काळ लागला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

जुन्नरची_वेल

भोसरीकर दादा, तुमचं एक्सेल शीट वाचून मला २०१० साल आठवलं.

आमची नारायणगावजवळ साडेचार एकर द्राक्षबाग आहे. त्या हंगामात आपली द्राक्षं युरोपात पोचली आणि तिथल्या प्रयोगशाळेत सीसीसीचा अंश सापडला. शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात ते क्लोरमेक्वाट क्लोराइड. वेलीची नुसती पानोळ्याची वाढ रोखायला खरड छाटणीनंतर ते वापरायचे. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीआधी जी रसायनं तपासत, त्यांत हे नव्हतंच. कुणी लपवाछपवी केली नव्हती, कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले, दर कोसळले. सासऱ्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच युरोपला माल दिला होता. व्यापाऱ्याने निम्म्याहून जास्त पैसे दिलेच नाहीत. घरात दोन महिने कुणी मोठ्याने बोललं नाही.

मग सगळं बदललं. तपासणीची यादी वाढली. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आपल्या पुण्याजवळच आहे, तिथली प्रयोगशाळा या कामाची मुख्य. बागेची नोंदणी ग्रेपनेट नावाच्या निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर होते, प्लॉटला नंबर मिळतो, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन स्वतः घड निवडतो. पेटीवरच्या कोडवरून तिकडचा माणूस आमच्या प्लॉटपर्यंत पोचू शकतो.

सासऱ्यांनी तेव्हापासून फवारणीची वही ठेवली. लाल पुठ्ठ्याची, शाळेतली दोनशेपानी. तारीख, औषध, प्रमाण, कुणी फवारलं, काढणीला किती दिवस बाकी. सुरुवातीला आम्ही सगळे कंटाळायचो. आता त्या वहीशिवाय मला बागेत पाऊल टाकवत नाही. मागच्या हंगामात एका प्लॉटवर शंका आली, तेव्हा पाच मिनिटांत पान उघडून दाखवलं आणि माल सुटला.

तुमच्या शीटकडे त्या नजरेने पाहा. शुल्क कमी-जास्त होईल, पण आपला माल कसा तयार झाला हे दाखवता येणं हीच युरोपात जायची वाट आहे. आम्हाला ते मार खाऊन कळलं.

---

रॉटरडॅमहून

मूळचा पिंपरीचा, गेली अकरा वर्षं इकडे मालवाहतुकीत आहे. वेलताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत.

एक जोड देतो. नेदरलँड्सला आपली निर्यात प्रचंड आहे असं आकड्यांत दिसतं, पण त्यातला बराच माल रॉटरडॅमला उतरून पुढे जर्मनी, बेल्जियम, पोलंडकडे जातो. त्यामुळे डच आकडा बघून बाजार ठरवू नका, शेवटचा गिऱ्हाईक कुठे आहे ते विचारा.

दुसरं म्हणजे वेळ. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, तेव्हा न्हावा शेवाहून निघालेल्या मालाला दीड-दोन आठवडे जास्त लागत होते. बोल्टला चालतं. द्राक्षाचं काय होतं ते मी कंटेनरचं दार उघडताना पाहिलंय. देठ तपकिरी पडलेले, मणी मऊ. पेटीवर जुन्नर तालुक्यातल्या गावाचं नाव होतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

---

अळूचं_फदफदं

२०१४ च्या १ मे पासून युरोपने हापूसच नव्हे, सगळ्याच आंब्यांवर आणि सोबत अळू, कारलं, पडवळ, वांगं यांवर बंदी घातली होती, आठवतंय का कुणाला? फळमाशी आणि इतर किडी सापडल्या म्हणून. तेव्हा ब्रिटन संघातच होता, त्यामुळे लंडनमधल्या आमच्या मावशीचीही आंब्याची पेटी हुकली. हापूससाठी आम्ही सगळे हळहळलो, पण पडवळावर बंदी आली तेव्हा घरातली मुलं ठामपणे युरोपच्या बाजूने उभी राहिली होती!

आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. तेव्हापासून ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून आंबा पाठवतात. म्हणजे इथेही वेलताई म्हणतात तेच झालं.

---

वाचनवेडी

पडवळाच्या बाजूने बोलणारं या धाग्यावर कुणीच नाही का? आमच्याकडे डाळ घालून केलेली भाजी आवडीने खातात.

---

इंदापूरची

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या सात गाई आहेत. करारातून दूधदुभतं बाहेर ठेवलंय हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. त्यांच्याकडे एकेका गोठ्यात शंभर-शंभर गाई आणि वर सरकारी अनुदान. त्यांचं चीज नि पावडर बिनशुल्क आली असती तर आमच्या संकलन केंद्रावरचा दर कुठे गेला असता? इथे फॅटचा पॉइंट एक दशांशाने घसरला तरी महिन्याचा हिशेब बिघडतो. कारखानदार मंडळींना करार हवा हे समजतं, पण तुमच्यासाठी आमचा सौदा झाला नाही याचं मला समाधान आहे.

---

कर्वेरोड

इंदापूरच्या ताई, तुमची भीती रास्त आहे. फक्त एक जुनी गोष्ट सांगाविशी वाटते. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली ती याच युरोपीय समुदायाने भेट दिलेल्या दूध पावडरीच्या आणि बटर ऑइलच्या जोरावर. त्यांच्याकडे साठे पडून होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत ते इथे आले. आपल्या लोकांनी ते फुकट वाटलं नाही, मोठ्या शहरांतल्या डेअऱ्यांना विकलं आणि त्या पैशातून सहकारी संघ उभे केले. तीच पावडर बाजारात तशीच ओतली असती तर दूधवाला तेव्हाच संपला असता. युरोपशी आपला सर्वांत हुशारीने केलेला व्यवहार मी तो मानतो.

---

इंदापूरची

हे माहीत नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवते. त्या संघाच्या पहिल्या सभासदांपैकी आहेत.

---

ओंकार_हिंजवडी

आयटीवाल्यांच्या वतीने लिहितो. मे २०१८ ला युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला तेव्हा आमच्या ऑफिसात सहा महिने दुसरं काम नव्हतं. भारताला सुरक्षित देश म्हणून मान्यता नसल्याने प्रत्येक क्लायंटबरोबर वेगळी ठरावीक कलमं सह्या करून घ्यावी लागतात. मोठ्या कंपन्या वकील ठेवतात. आठ जणांच्या स्टार्टअपने काय करायचं? आपला स्वतःचा डेटा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला. आता यावर सरकारने पाठपुरावा करावा असं फार वाटतं.

आणि २०२१ चा जुलै कुणी विसरू नका. युरोपचं कोविड प्रमाणपत्र सुरू झालं. त्यांच्याकडे तयार झालेली लस त्यात होती, पण त्याच तंत्राने आपल्या हडपसर-मांजरीकडे बनलेली कोविशील्ड त्यांच्या औषध संस्थेच्या मंजूर यादीत नव्हती. माझ्या बहिणीचं म्युनिकचं विद्यापीठ ठरलेलं, व्हिसा हातात आणि तिकीट थांबलेलं. मग जर्मनी, स्पेन, ऑस्ट्रिया वगैरे देशांनी आपापल्या पातळीवर मान्यता दिली. कुपीत तेच औषध असून कागद वेगळा म्हणून मुलगी घरी बसली, हे मला आजही सलतं.

---

रॉटरडॅमहून

ओंकार, त्या वेळी आम्ही इकडे रोज याद्या बघायचो. आईला आणायचं होतं.

---

ब्रेमेन_चौक

विषयांतर होतंय, पण औंधला ब्रेमेन चौक आहे तो जर्मनीतल्या ब्रेमेन शहराशी असलेल्या मैत्रीतून. चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने, शहरात मॅक्सम्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणारी मुलं. ब्रसेल्सचा करार पुण्याला इतका जवळचा का वाटतो ते यातून कळतं.

भीतीही आहेच. बाहेर बनून येणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क ११० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने दहापर्यंत उतरणार, वर्षाला अडीच लाखांच्या मर्यादेत. माझा भाऊ चाकणला लाइनवर आहे. तो विचारतो, गाडी तिकडूनच स्वस्तात आली तर इथे कशाला जोडतील? माझ्याकडे उत्तर नाही.

---

ऊर्जालेखा

मी कारखान्यांचं ऊर्जा लेखापरीक्षण करते, चिंचवडला. भोसरीकर, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो मागेच राहिला.

पहिलं म्हणजे तुमच्या मालाचा कस्टमचा कोड बघा. ७३१८ मध्ये जाणारे नट, बोल्ट, स्क्रू सीबॅममध्ये आहेत. पण गाडीचा पार्ट म्हणून ८७०८ मध्ये जाणारी वस्तू सध्या त्यात नाही. तुमचे ड्रॉइंगचे खास पार्ट कुठल्या कोडने जातात ते कस्टम एजंटला विचारा. सोयीसाठी कोड बदलायला मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका.

दुसरं, ५० टनांची सूट. २०२५ मध्ये त्यांनी नियम सोपे केले. ज्या आयातदाराचा पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असा मिळून वर्षाचा माल ५० टनांच्या आत आहे, त्याला यातून मोकळीक. ही मोजणी आयातदारामागे होते, तुमच्यामागे नाही. तुमचा युरोपचा माल वर्षाला अठ्ठेचाळीस टनांच्या आसपास दिसतो म्हणून सुटलो असं समजू नका. तुमची जर्मन पार्टी इतर देशांतूनही बोल्ट घेत असेल तर ती केव्हाच वर गेली असेल. इटलीवाला छोटा असेल तर त्याला कदाचित काहीच भरावं लागणार नाही.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. बोल्टमधला बहुतेक कार्बन तुमच्या भोसरीच्या शेडमध्ये तयार होतच नाही, तो वायर रॉडबरोबर येतो. आपल्याकडे टनभर कच्च्या पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगारातून विजेच्या भट्टीत केलेल्या पोलादाचा खूप कमी. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली: २.२ टनांच्या खाली असेल तर तीन ते पाच तारे. म्हणून आधी मिलकडून आकडा मिळवा. तो नसेल तर तिकडे ठरवून दिलेला चढा आकडा लावतात आणि तुम्ही कितीही काटकसर केलीत तरी ती दिसत नाही.

चौथं तुमच्या शेडमधलं. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला वेगळा वीज मीटर आणि गॅस मीटर बसवा. महावितरणचं बिल अख्ख्या कारखान्याचं येतं, त्यातून टनाचा आकडा निघत नाही.

युरोपच्या स्वतःच्या कारखान्यांना कार्बन सोडायला मिळणारे मोफत परवाने कमी होत २०३४ ला संपतील, तसा हा बोजा वाढत जाईल. म्हणून आत्ता थोडा आहे तोवर शिकून घ्या.

---

कर्वेरोड

ऊर्जालेखाताई, माहिती उत्तम, पण मला हे मूळातच अन्याय्य वाटतं. दोनशे वर्षं कोळसा जाळून ते श्रीमंत झाले आणि आता भोसरीच्या बावीस माणसांच्या कारखान्याकडे हिशेब मागतात. आपलं सरकार हेच सांगत आलंय. करारात सूट मिळाली नाही. दुसऱ्या कुणाला सवलत दिलीत तर आम्हालाही द्या, एवढंच कबूल करून घेतलं. यावर आपण गप्प बसू नये.

---

ऊर्जालेखा

गप्प बसा असं मी म्हणत नाही. भांडायचं काम दिल्लीने करावं, आणि जोरात करावं. आपली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना २०२३ साली अधिसूचित झाली, तिथे मोजलेली किंमत तिकडे वजा व्हावी, ते पैसे आपल्याच देशात राहावेत, हा आग्रह धरायलाच हवा. पण भोसरीकरांना शीट याच महिन्यात पाठवायचंय. अन्याय आहे म्हणून रकाना रिकामा सोडला तर ऑर्डर दुसऱ्या देशात जाईल.

---

जुन्नरची_वेल

कर्वेरोड काका, सासरेही २०१० मध्ये हेच म्हणाले होते, की ०.०५ चा हट्ट कशाला. त्यांचा राग खोटा नव्हता. वहीही त्याच रागाने सुरू केली होती.

---

अनुजा_कोथरूड

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये इथे मानांकन मिळालं, पण २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दिसली तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. भौगोलिक मानांकनाचा वेगळा करार लवकर व्हावा असं मला त्यासाठी वाटतं. आपल्या कारागिराचं नाव तिकडच्या कायद्यात लिहिलेलं असायला हवं.

---

भोसरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस गप्प होतो कारण तुम्ही सांगितलेलं करत होतो.

इटलीच्या पार्टीला फोन केला. ते बाहेरून पोलादाचं फक्त आमच्याकडूनच घेतात, वर्षाला अठरा टन. म्हणजे ते सुटले. त्यांनाच हे माहीत नव्हतं. जर्मनीवाले तुर्की आणि तैवानहूनही घेतात, त्यांना पूर्ण लागू.

मग वायर रॉडच्या व्यापाऱ्याकडे गेलो. तिथे खरा घोळ निघाला. तो तीन-चार मिलचा माल एकाच ठिकाणी उतरवतो आणि कॉइलवरची पत्र्याची चकती काढून टाकतो. बारा वर्षं त्याच्याकडून घेतोय, हीट नंबर, म्हणजे पोलाद भट्टीतल्या कुठल्या घाण्याचं त्याचा क्रमांक, मी कधी विचारलाच नाही. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर म्हणाला, झेरॉक्स देतो, कुठलंही चालेल ना? मी नाही म्हणालो. पुढचा लॉट थेट मिलच्या डेपोतून घेतोय. किलोला थोडे पैसे जास्त पडतील, आणि एकदम पाच टन उचलावे लागतील.

भट्टीला वीज मीटर काल बसला. सकाळची आणि संध्याकाळची नोंद सुनंदाताई घेणार. पॅकिंगला त्या वीस वर्षं आहेत, त्यांच्याइतकं सुवाच्य अक्षर कारखान्यात कुणाचं नाही. आज पहिला आकडा लिहिला तेव्हा त्यांनी विचारलं, हे जर्मनीतले लोक वाचणार का? हो म्हटलं. त्यांनी पान फाडून पुन्हा नीट लिहिलं.

ऊर्जालेखाताई, गॅसचा मीटर मुख्य पाइपवर बसवू की बर्नरच्या आधी? त्याच लाइनवर आमची धुण्याची टाकीही तापते.

---

ऊर्जालेखा

बर्नरच्या आधी. टाकीला वेगळा. रविवारी सकाळी भोसरीत असेन, येऊन जागा दाखवते.

---

जुन्नरची_वेल

वहीच्या पानाचा फोटो टाकतेय दादा. शेवटचा रकाना 'सही' असा आहे. तो तुमच्याकडेही ठेवा, सुनंदाताईंना त्यात सही करू द्या.